हाताचे मोल

संत मत्तय, संत मार्क आणि संत लूक या तिघांच्याही शुभवर्तमानांत एक प्रसंग आला आहे. शब्बाथाचा दिवस आहे. प्रभू येशू सभास्थानात आला असून तेथे हात वाळलेला एक मनुष्य बसला आहे. तो हात उजवा होता, एवढा तपशील संत लूकने आवर्जून दिला आहे. परूशी टपून बसले आहेत. हा आज याला बरे करतो की काय, हे त्यांना पाहायचे आहे. प्रभू त्या मनुष्याला सर्वांच्या मध्ये उभा करतो, हात पुढे करावयास सांगतो आणि तो हात पूर्ववत होतो.

या मनुष्याचा व्यवसाय काय होता, हे आपल्या शुभवर्तमानांत सांगितलेले नाही. परंतु चौथ्या शतकाच्या अखेरीस संत मत्तयच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिताना संत जेरोमने एक जुनी आठवण नोंदवून ठेवली आहे. त्या काळच्या काही यहुदी ख्रिस्ती मंडळींत वाचल्या जाणाऱ्या एका ग्रंथात हा मनुष्य गवंडी होता असे म्हटले होते. आपण हातांच्या कष्टावर पोट भरत होतो, तेव्हा आपला हात परत मिळावा, म्हणजे लाज सोडून भीक मागण्याची पाळी येणार नाही, अशी विनवणी त्याने प्रभूला केली, असे तो ग्रंथ सांगत होता. हा ग्रंथ ख्रिस्तसभेने मान्य केलेल्या चार शुभवर्तमानांपैकी नव्हे. पण ही आठवण टिपून ठेवण्याच्या योग्यतेची आहे, असे संत जेरोमसारख्या विद्वानाला वाटले, हे महत्त्वाचे.

त्या गवंड्याचे मागणे नीट ऐकले पाहिजे. तो भिक्षा मागत नाही. भिक्षेची वेळ येऊ नये, एवढेच मागतो. कारखान्यात हात गमावलेल्या कामगारांच्या हक्कांचा इतिहास चाळताना आम्हांस त्या मागण्याचा प्रतिध्वनी पानोपानी ऐकू आला. मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यातील आपल्या कित्येक धर्मग्रामांत आजही एखादे असे घर सापडते, जेथे कोणाचे बोट प्रेसखाली गेले, कोणाचा तळवा दातेरी चाकांत सापडला. शेजारी हळहळतात, संत विन्सेंट डी पॉल मंडळाचे सभासद भेटून जातात, चार दिवस डबा येतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु त्या घराचा एक हक्कही असतो. तो कोठून आला आणि त्यासाठी किती वाट पाहावी लागली, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पट्टे, चक्रे आणि साचे

मुंबईतील पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथे ती गिरणी चालू झाली. पुढील तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. ज्यांच्या हाताला आजवर नांगर, विळा किंवा होडीचे वल्हे यांचीच सवय होती, त्यांना त्या हातांनी वाफेच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागले.

त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. एका मोठ्या वाफेच्या इंजिनावर छताखालून लांबच लांब दांडे फिरत आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत येत. पट्टा उतरला की तो चालत्या चाकावर पुन्हा चढवावा लागे. कार्डिंग खात्यात कापूस विंचरणारे तारांचे दाते असलेले रूळ फिरत. साचेखात्यात धोटा सुटून अंगावर येई. धोतराचा सोगा किंवा बंडीची बाही पट्ट्यात अडकली की माणूस ओढला जाई, आणि बहुतेक वेळा हात आधी जाई. कारण यंत्राच्या सर्वांत जवळ असतो तो हातच.

हात गेल्यावर पुढे काय? कायद्याने उत्तर असे काही नव्हते. १८५५ सालच्या प्राणघातक अपघातांविषयीच्या कायद्याने मृताच्या कुटुंबाला दावा करण्याची वाट दिली होती. पण त्यासाठी दुसऱ्याची चूक न्यायालयात सिद्ध करावी लागे. जिवंत राहून हात गमावलेल्यालाही दिवाणी न्यायालयाखेरीज वाट नव्हती. त्यातच इंग्लंडच्या न्यायालयांनी १८३७ पासून असे तत्त्व रूढ केले होते की, अपघात जर सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल, तर त्याबद्दल मालक जबाबदार नाही. नोकरी पत्करताना कामगाराने तो धोकाही पत्करलेला असतो. ज्याचा अंगठाच गेला आहे आणि ज्याला आधीही सही येत नव्हती, अशा माणसाने वकील लावून मालकाची चूक सिद्ध करावी, अशी ही अपेक्षा! मुकादम दुसरा माणूस उभा करी आणि जखमी माणूस गावाकडची वाट धरी.

गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली मुंबईत आयोग नेमला गेला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सहृदय गृहस्थांनी कायद्यासाठी खटपट केली. अखेर १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालण्याची तरतूद केली. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. कठड्याचा विचार झाला. कठडा नसल्यामुळे ज्याचा हात गेला, त्याचा विचार मात्र त्या कायद्यात नव्हता.

साडेपाच हजार सह्यांचे निवेदन

तो विचार प्रथम जाहीरपणे मांडला तो गिरणी कामगारांनीच. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली मुंबई सरकारने दुसरा आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर महिन्यात लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात मोजक्या पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती यावा. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर असताना गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी.

या पाचव्या मागणीपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. तीत मालकाची चूक होती की नव्हती, हा प्रश्नच काढलेला नाही. काम करताना हात गेला, एवढे पुरे. कामाने नफा होतो तो ज्याचा, कामातल्या हानीचा भारही त्याने उचलावा, हा सरळ न्याय तीत आहे. योगायोग असा की, ज्या १८८४ साली मुंबईत हे निवेदन लिहिले गेले, त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. त्याचे तत्त्वही हेच होते. जर्मनीत ते राज्यकर्त्यांनी वरून आणले; मुंबईत ते कामगारांनी खालून मागितले. इंग्लंडला अशा भरपाईच्या कायद्यासाठी १८९७ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या गिरणी कामगारांची दृष्टी किती पुढची होती हे कळते.

लोखंडे यांनी चळवळ सोडली नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे दहा हजारांच्या आसपास कामगारांची सभा भरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ख्रिस्ती माणसे रविवार पाळतो. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला तो रविवार एका सत्यशोधकाने मिळवून दिला, हे आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि काही सोयी दिल्या. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली. १८९७ साली प्लेगाच्या साथीत लोखंडे यांचे देहावसान झाले. जखमी हाताचा हक्क त्यांना पाहावयास मिळाला नाही.

रोमहून आलेले पत्र

त्याच १८९१ साली, १५ मे रोजी, पोप लिओ तेरावे यांनी जगभरच्या ख्रिस्तसभेला उद्देशून ‘रेरूम नोवारूम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कारखानदारीने युरोपातील श्रमिकांची जी दैना केली होती, तिच्याविषयी रोमच्या गादीवरून इतक्या विस्ताराने प्रथमच बोलले गेले. नफ्याची साधने म्हणून माणसांचा वापर करणे लाजिरवाणे व अमानुष आहे. मजुरी एवढी असली पाहिजे की साध्या राहणीच्या कामगाराचे पोट भरावे. कामगारांना संघटना करण्याचा नैसर्गिक हक्क आहे. अपघात, आजार आणि वार्धक्य अशा प्रसंगी उपयोगी पडणारा निधी अशा संघटनांनी उभारावा, अशी या पत्राची शिकवण आहे.

पोप महोदयांना लोखंडे यांचे निवेदन ठाऊक असण्याचा संभव नाही, आणि लोखंडे यांच्या पाठीशी ख्रिस्तसभेची शिकवण नव्हती. तरीही दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. दयेची थोरवी ‘रेरूम नोवारूम’ने नाकारली नाही, परंतु न्यायाने जे देणे आहे ते दान म्हणून देता येत नाही, हा धडा ख्रिस्ती माणसाने त्यातून घ्यावयाचा आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले आणि त्यामागे ‘रेरूम नोवारूम’चे स्मरण असल्याचे स्वतः सांगितले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्या पत्राची गरज संपली नाही, असाच याचा अर्थ.

बोटांचा हिशेब

हिंदुस्थानात हा हक्क कायद्यात यावयास पहिले महायुद्ध उलटावे लागले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली, १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, आणि नारायण मल्हार जोशी यांच्यासारखे कामगारांचे कैवारी मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. लोखंडे यांच्या निवेदनाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

या कायद्याचा गाभा म्हणजे ती पाचवी मागणीच होय. कामाच्या ओघात व कामामुळे अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. दिवाणी न्यायालयाऐवजी भरपाई आयुक्त नेमले गेले. आपला भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कामगाराने केला, तरी तो रद्दबातल ठरेल, असे कलम घातले गेले. ठेकेदारामार्फत काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही जबाबदारी टाकली गेली.

पण कायदा म्हटला की मोजमाप आले. या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या अवयवांची यादी होती आणि प्रत्येकापुढे कमाईची किती टक्के शक्ती गेली याचा आकडा होता. उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वर गेला तर ७०, डावा गेला तर ६०. अंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेही बोट ५. प्रौढ कामगार कायमचा पूर्ण निकामी झाल्यास ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. आणि अपघातानंतरच्या पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे; ही मुदत १९३३ साली सातवर आणि पुढे तीनवर आली.

१९६२ च्या दुरुस्तीने हे परिशिष्ट बदलले आणि उजव्या-डाव्यातील भेद गेला. तेव्हापासूनचे आकडे असे: दोन्ही हात गेल्यास १००, एक हात अथवा एका हाताची पाचही बोटे गेल्यास ६०, चार बोटे ५०, तीन बोटे ३०, दोन बोटे २०, अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. बोटाचे एक पेर, दोन पेरे, हाड न जाता केवळ शेंडा, अशा प्रत्येकाचा वेगळा आकडा. अंगठा एकटाच तीन बोटांच्या बरोबरीचा का, हे ज्याने कधी करवत, थापी किंवा सुई धरली आहे, त्याला सांगावे लागत नाही. अंगठ्यावाचून पकड नाही.

हे आकडे रुपयांत कसे उतरतात तेही पाहू. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० मध्ये हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये ठरली. तीस वर्षांच्या माणसासाठी वयाचा गुणांक २०७.९८ होता. पगाराचे साठ टक्के म्हणजे ९,००० रुपये, त्यास या गुणांकाने गुणले की पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते. अंगठ्याचे त्यातील ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये; करंगळीचे ७ टक्के म्हणजे सुमारे १,३१,००० रुपये. पगार याहून अधिक असला तरी हिशेब १५,००० वरच थांबे.

येथे एक प्रश्न मनात येतो. करंगळी कोणाची? ओझी वाहणाऱ्याची आणि व्हायोलिन वाजविणाऱ्याची करंगळी सारखीच का? या प्रश्नाला १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या दाव्यात उत्तर दिले. ओडिशातील हा सुतार एका चित्रपटगृहात नक्षीकाम करीत असताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व होते. पण सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे, असे आयुक्तांनी ठरविले आणि न्यायालयाने ते उचलून धरले. शिवाय भरपाई ही निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून देणे लागते, असेही न्यायालयाने सांगितले. कायदा येथे मांसाचे मोजमाप सोडून माणसाच्या कामाकडे वळला. संत योसेफाच्या घरात वाढलेल्या प्रभूच्या अनुयायांना या सुताराचा निकाल विशेष जवळचा वाटावा.

दुसरी वाट विम्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. एकरकमी पैशाऐवजी येथे उपचार, बरे होईपर्यंत पगाराच्या मोठ्या हिश्शाएवढा भत्ता आणि कायमचे अपंगत्व आल्यास आजन्म निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते. कामावरील दुखापतीसाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. कामावरच्या पहिल्याच दिवशी बोट गेले तरी हक्क असतो. मात्र ज्याला हा विमा लागू आहे, त्याला १९२३ च्या कायद्याची भरपाई वेगळी मागता येत नसे.

खाणकामगार पोप

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ हे श्रमाविषयीचे परिपत्रक लिहिले. हे लिहिणारा हात श्रमाला अपरिचित नव्हता. जर्मन सत्तेखालील पोलंडमध्ये, १९४० ते १९४४ या काळात, तरुण कारोल वोयतिवा यांनी क्राकूवजवळ प्रथम दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात काम केले होते. या पत्रात ते म्हणतात की, कामगाराला वैद्यकीय मदत, विशेषतः कामावर अपघात झाल्यास, सहज आणि शक्यतो विनामूल्य मिळाली पाहिजे. वार्धक्य व अपघात यांसाठीचा विमा हा त्याचा हक्क आहे. अपंग व्यक्तींसाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. केवळ धडधाकटांनाच कामात स्थान देणारा समाज बलवानांनी दुर्बळांवर लादलेला भेद पाळतो, असा त्याचा आशय आहे.

ही शेवटची गोष्ट कायद्यातही अपुरी राहिली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यास काढून टाकण्यास मनाई केली. त्याला झेपेल असे काम त्याच पगारावर द्यावे असे सांगितले. खासगी कारखान्यातील कामगारास एवढे भक्कम संरक्षण नाही. भरपाई घेतल्यावर त्याने घरी बसावे, असेच पुष्कळदा गृहीत धरले जाते.

गिरण्या गेल्या, प्रेस आले

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या हळूहळू मावळल्या. यंत्रे मात्र संपली नाहीत. ती लहान गाळ्यांत, औद्योगिक वसाहतींत, मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांत विखुरली. पत्रा कापणारा व वाकविणारा पॉवर प्रेस हे आज बोटे जाण्याचे मोठे कारण आहे. एका सेकंदाच्या आत डाय खाली येतो. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्यावाचून प्रेस चालू नये, किंवा हात आत असताना प्रकाशकिरणाने तो थांबावा, ही साधने उपलब्ध आहेत. पण पायाच्या पॅडलवर चालणारे जुने प्रेस स्वस्त पडतात, आणि गार्ड काढला की दिवसाचे नग वाढतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करून मोटार उद्योगातील अशा जखमींची दखल घेत आली आहे. त्यांत बरेचसे ठेकेदाराकडचे, परप्रांतातून आलेले, तरुण कामगार आहेत.

कायदेही बदलले. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा विमा कायदा हे दोन्ही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कारखान्यातील सुरक्षेचे नियमही त्याच दिवसापासून दुसऱ्या एका संहितेखाली आले. नावे आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण कामावर हात गेला तर चूक सिद्ध न करता भरपाई, हे तत्त्व कायम आहे. १८८४ ची पाचवी मागणी नव्या संहितेतही जिवंत आहे.

मग अडते कोठे? पुष्कळदा पहिल्या आठवड्यात अडते. जखमीला खासगी दवाखान्यात नेले जाते आणि तेथे ‘घरी पडला’ असे लिहिले जाते. विम्याची नोंदणी अपघातानंतर धावतपळत केली जाते. दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. तोही अंगठा शाबूत असेल तर. गार्ड मुकादमाने काढलेला असतो आणि दोष कामगारावर येतो. कामगाराने हेतुपुरस्सर सुरक्षेचे साधन काढले असे दाखविता आले, तर बोटांसारख्या अंशतः अपंगत्वाची भरपाई नाकारण्यास जुन्या कायद्यात जागा होती. म्हणून गार्ड कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढला, हे पाहणाऱ्या सोबत्यांनी सांगणे आवश्यक असते.

आपल्या धर्मग्रामांनी येथे काही करण्याजोगे आहे. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात वा पाण्यात टाकू नये. १९६३ साली शांघायच्या शल्यविशारदांनी यंत्राने तुटलेला एका कामगाराचा हात पुन्हा जोडला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली आहे, पण वेळ दवडला तर ती साधत नाही. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर अपघात कोठे आणि कोणत्या यंत्रावर झाला ते लिहवून घ्यावे. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का, विमा क्रमांक होता का, हे विचारावे. कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नये. आणि केली असेल तर धीर सोडू नये, कारण हक्क सोडण्याचा असा करार कायदा मानीत नाही. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. पण मुदत मोजत न बसता लगेच अर्ज करणे शहाणपणाचे. हे सारे जखमी माणसाला एकट्याने, भूल उतरण्याच्या आतच सुचावे, ही अपेक्षा निर्दय आहे. म्हणून धर्मग्रामात कायदा जाणणारे, कारकुनी येणारे, युनियनचा अनुभव असलेले जे आहेत, त्यांनी डबा घेऊन जाणाऱ्यांच्या सोबत जावे.

आणखी एक गोष्ट आम्ही विनयाने सुचवितो. आपल्यांतील काही जण स्वतः लहान कारखान्यांचे, वर्कशॉपचे मालक आहेत. कठडे घालण्याची तरतूद १८८१ च्या कायद्यात होती. आज आपल्या गाळ्यातील प्रेसला ते आहे का, हे सोमवारी सकाळी पाहिले, तर रविवारच्या प्रार्थनेला अर्थ येईल.

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी आपण हातोडी, करवत, विळा वेदीपाशी ठेवतो. मिस्साबलीत शांतीचे अभिवादन करताना आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे आपण हात जोडतो. त्या वेळी कोणी एक हात खिशातच ठेवून नुसती मान लववितो. त्याचे कारण बहुधा लाज असते. संत जेरोमने टिपलेल्या त्या गवंड्यालाही लाजच नको होती. प्रभूने त्याला भिंतीकडेला बोलावून गुपचूप नाणे दिले नाही. सर्वांच्या मध्ये उभे केले आणि हात पुढे करावयास सांगितले. तुटलेला हात आपण परत देऊ शकत नाही. तो उघडपणे पुढे करता यावा आणि त्यावर जे ठेवले जाईल ते हक्काचे असावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.